पाण्याखालचा ठेंगा

‘‘त्या थायलंडच्या पोरांना गुहेतून बाहेर काढायला अख्खं जग गोळा झालं होतं, आणि तू पैसे भरून आत जाणार?’’

आईचा प्रश्न तसा बिनतोड होता. २०१८ च्या जुलैत थाम लुआंगच्या गुहेत अडकलेली बारा मुलं आणि त्यांचा कोच सुखरूप बाहेर आले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तिथलं पाणी उपसायच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनिअर होते, याचा आईला कोण अभिमान! माहेर सांगलीचं ना. त्यामुळे पाण्याने भरलेली गुहा म्हणजे काय, हे तिला फोनवर समजावून सांगायची सोयच नव्हती.

तरी मी ट्राय मारला. ‘‘आई, ती केव्ह होती. आम्ही कॅव्हर्नमध्ये जातोय.’’

‘‘फरक काय?’’

‘‘कॅव्हर्नमधून बाहेरचा उजेड दिसत राहतो.’’

‘‘मग बाहेरच बस ना उजेडात!’’

आई जिंकली. पण तोपर्यंत बाप्पाने टाक्या बुक केल्या होत्या.

तर मंडळी, गोष्ट २०२४ च्या फेब्रुवारीतली. आतेबहिणीच्या बाळाच्या बारशासाठी मी फ्लोरिडात, टँपाला गेले होते. कॉलेजच्या आमच्या चौकडीतला बाप्पा नोकरीनिमित्त तिथलाच. चिऊ अटलांटात डेटा अ‍ॅनालिस्ट, गाडीने सहा-सात तासांवर. आणि डॉन त्या वेळी ऑफिसच्या कामासाठी तीन महिने मायामीत. (नावं बदललेली नाहीत. टोपणनावंच आहेत. डॉन मुंगीलाही घाबरतो.) चौघं एकाच वेळी अमेरिकेत, वर प्रेसिडेंट्स डेचा सोमवार जोडून लाँग वीकएंड. असा योग पुण्यात राहूनही आमच्या नशिबी आला नव्हता. पुण्यात असताना आमचे सगळे प्लॅन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच जन्माला यायचे आणि तिथेच वारायचे.

बाप्पा म्हणाला, ‘‘डिस्नी वगैरे विसरा. तुम्हाला फ्लोरिडाचं पोट दाखवतो.’’

या राज्याचं पोट खरोखरच पोकळ आहे. खाली सगळा चुनखडीचा दगड. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होतं, दगडातून झिरपताना त्याला विरघळवत जातं, आणि हजारो वर्षांत खाली बोगदे, दालनं, भुयारं तयार होतात. त्यात साठलेलं पाणी दाबाने जिथे वर येतं, तिथे झरा. असे हजाराहून जास्त झरे फ्लोरिडात आहेत. आपला सह्याद्री पडला बेसाल्टचा, काळा कातळ. तो असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन लेणी खोदली, इथे ते काम पाण्यानेच करून टाकलं.

झरा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर डोंगरातली बोटभर धार येते. इथे पहिल्या प्रतीचा झरा कुणाला म्हणतात ठाऊक आहे? सेकंदाला निदान शंभर घनफूट पाणी देतो त्याला. म्हणजे साधारण २,८०० लिटर. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून दहा हजार लिटरचे टँकर येतात. त्या हिशेबाने दर साडेतीन सेकंदांना एक टँकर, रात्रंदिवस! हा हिशेब मी गाडीत मोठ्याने केला, तेव्हा चौघंही पुणेकर दोन मिनिटं गप्प बसलो.

शनिवारी सकाळी विलिस्टन गावाजवळचं ‘डेव्हिल्स डेन’ गाठलं. नाव सैतानाचं, पण बाहेरून बघाल तर झाडीत जमिनीला पडलेलं एक भोक. हिवाळ्याच्या थंड सकाळी त्यातून वाफ वर येते. आतलं पाणी बाराही महिने २२ अंशांच्या आसपास असतं आणि बाहेर हवा गार, म्हणून. पूर्वीच्या लोकांना वाटलं, खाली सैतानाची चूल पेटली आहे. आम्ही गेलो तेव्हाही वाफ निघत होती. डॉन म्हणाला, ‘‘मी वरच थांबतो. चहा लागेल ना कुणाला तरी.’’

दगडातल्या अरुंद वाटेने लाकडी जिना उतरून खाली गेलं की आपल्याकडच्या बारवेत आल्यासारखं वाटतं, फक्त डोक्यावर दगडी घुमट. घुमटाच्या मधल्या भोकातून उन्हाचा एक खांब थेट पाण्यात उतरलेला. पाणी इतकं निळं की फोटो टाकला तर लोक म्हणणार फोटोशॉप. सगळ्यात खोल जागा ५४ फूट. हिमयुगातल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं इथे सापडली आहेत. आणि तिथे मी, पाठीवर टाकी आणि पायात बदकाचे पंजे बांधून!

डायव्हिंग मी तारकर्लीला शिकले. तिथे चार-पाच मीटर पुढचं दिसलं तरी आम्ही खूश व्हायचो. इथे उतरले आणि पाणी आहे हेच विसरायला झालं. समोरच्या भिंतीवरचा एकेक खड्डा मोजावा इतकं स्वच्छ. शिवाय गोडं पाणी समुद्रासारखं वर उचलत नाही, त्यामुळे कमरेचं वजनही कमी लागतं. पहिला डाइव्ह म्हणजे धम्माल होती. बाहेर आल्यावर मी जे बोलत सुटले ते थेट जिनी स्प्रिंग्जचा कॅम्प येईपर्यंत. चिऊने मधेच बाकरवडी हातात कोंबली, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

आता खरी गोष्ट. पण त्याआधी बाप्पाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

२०१६ चा जुलै. आम्ही सेकंड इयरला. ताम्हिणीत धबधब्याखालच्या एका डोहावर गेलो होतो. सगळ्यांनी उड्या मारल्या. बाप्पा काठावर उभा. ‘‘मला नको वाटतंय रे,’’ एवढंच म्हणत होता. त्यावर आम्ही काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतंत? ‘चल ना यार’, ‘फट्टू’, ‘आईला विचारून आला नाहीस का’... सगळं झालं. सगळ्यात मोठा आवाज माझा. शेवटी त्याने उडी मारली. ओढीने त्याला कडेच्या खडकाखाली नेलं. गुरं राखणाऱ्या एका मामांनी लांब काठी पुढे केली नसती, तर हा लेख मी लिहिला नसता. परतताना एसटीत कुणी एक शब्द बोललं नाही. आणि त्यानंतरही, आठ वर्षं, त्या दिवसाबद्दल आमच्यापैकी कुणीही काही बोललं नाही. आम्ही त्याला ‘किस्सा’सुद्धा केला नाही.

त्याच बाप्पाने फ्लोरिडात येऊन आधी पोहणं, मग डायव्हिंग, मग कॅव्हर्नचा वेगळा कोर्स केला. हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. का केला, हे विचारायची हिंमत मात्र झाली नव्हती.

रविवारी सकाळी जिनीच्या झऱ्याकाठच्या लाकडी बाकावर त्याने आमचा क्लास घेतला. ऑफिसात प्रेझेंटेशनला झोपा काढणारी मंडळी आम्ही, पण त्या दिवशी कान टवकारून ऐकत होतो.

‘‘वर छत असलं की काही बिघडल्यावर सरळ वर येता येत नाही. आधी बाहेर यायचं, मग वर,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून हवा तीन भागांत वाटायची. एक भाग जायला, एक यायला, एक कुणाची तरी वाट लागली तर. टाकीत ३,००० आहे. ज्याचा काटा आधी २,००० वर येईल, त्याने सांगायचं. तिथून सगळे परत.’’

हे नियम कुणी एसीत बसून केलेले नाहीत. शेक एक्स्ली नावाचा फ्लोरिडातला एक गणिताचा शिक्षक होता. त्याने गुहांमध्ये मेलेल्या डायव्हरांचे अपघात एकेक करून तपासले आणि १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं. बहुतेक माणसं त्याच त्या चुकांनी जात होती. बाहेरपर्यंत सलग दोरी नाही, परतीची हवा राखली नाही, गरजेपेक्षा खोल गेले. पुढे त्यात प्रशिक्षण आणि दिवे या गोष्टी आल्या. एक्स्ली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या अतिखोल कुंडात गेला. पाणी कुणाचा बायोडेटा बघत नाही. फ्लोरिडातल्या अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली एक पाटी असते. तिच्यावर कोयता घेतलेला काळ आणि खाली इशारा, की अशाच गुहांमध्ये तीनशेहून जास्त डायव्हर मेले, त्यांत शिकवणारेही होते.

‘‘आणि शेवटचं,’’ बाप्पाने मूठ मिटून अंगठा वर केला. ‘‘याचा अर्थ काय?’’

‘‘ओके!’’ मी.

‘‘चूक. ओके म्हणजे हे,’’ त्याने अंगठा आणि तर्जनीचा गोल केला. ‘‘अंगठा वर म्हणजे डाइव्ह संपला. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने दाखवू शकतं. बाकीच्यांनी तोच अंगठा उलट दाखवायचा आणि निघायचं. वाद नाही, ‘पाच मिनिटं अजून’ नाही. आणि वर आल्यावर ‘का?’ असं विचारायचं नाही.’’

‘‘म्हणजे ठेंगा!’’ चिऊ म्हणाली.

‘‘हो. पाण्याखालचा ठेंगा,’’ बाप्पा हसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘मला हा नियम सगळ्यात आवडतो.’’

मी वेटसूटची चेन उगाच वर-खाली केली.

जिनीच्या झऱ्यात वरती एक उथळ, निळी वाटी आहे. तिच्या तळाशी कपार, आणि कपारीतून आत गेलं की खाली दालन. त्याला ‘बॉलरूम’ म्हणतात. साधा ओपन वॉटर कोर्स केलेल्या डायव्हरलाही जाता येतं अशा फार थोड्या कॅव्हर्नपैकी ही एक. कारण मागच्या बाजूला जिथून खरी गुहा सुरू होते, तिथे लोखंडी जाळी बसवली आहे. तिच्यापलीकडे माणूस गेला की परत येईल याची खात्री नसायची, म्हणून. झऱ्याचं पाणी त्या जाळीतूनच येतं. गज धरले की अंग झेंड्यासारखं फडफडतं, असं बाप्पाने सांगितलं होतं. मला तो फडफडायचा फोटो हवा होता. का लपवू?

कपारीतून आत शिरलो. बाप्पा पुढे, मी मधे, चिऊ माझ्या खांद्याशी. मागे वळून पाहिलं तर तोंडाशी निळा उजेड, घरातून अंगणात बघावं तसा. सॉलिड सुंदर! मग आम्ही उताराने खाली गेलो, पन्नास फुटांच्या आसपास, आणि छत डोक्यावर आलं.

छत. एवढा एकच शब्द डोक्यात बसला. वर पाणी नाही, दगड आहे. मी वर सोडलेले बुडबुडे छताला चिकटून पाऱ्यासारखे सरकत होते. त्यांनाही बाहेर जाता येत नव्हतं. माझा श्वास आखूड झाला. आखूड श्वास म्हणजे हवा जास्त जाते आणि समाधान होत नाही, म्हणून आपण आणखी भराभर घेतो. त्या खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा अडीच पट, म्हणजे एकेका श्वासाला हवाही अडीच पट लागणार. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

काट्याकडे पाहिलं. १,८५०.

दोन हजार केव्हाच मागे पडले होते. सांगायला हवं होतं. पण समोर पंधरा फुटांवर ती जाळी दिसत होती. शिवाय, बाप्पासमोर मी अंगठा दाखवायचा? मी? ताम्हिणीत ज्याला फट्टू म्हटलं त्याच्यासमोर? बाप्पा वळला, त्याने ‘ओके?’ विचारलं. मी बोटांचा गोल केला. ओके.

मित्रांनो, माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मूर्ख खोटं. रिपोर्टर म्हणून डेडलाइनबद्दल मारलेल्या थापा धरून.

तेवढ्यात शेजारून चिऊचा हात पुढे आला. मूठ, आणि वर अंगठा. तिने टॉर्चचा झोत स्वतःच्या हातावर धरला होता, म्हणजे चुकूनही चुकू नये. बाप्पाने एक सेकंदही न लावता अंगठा दाखवला. मीही दाखवला. वळलो. निळा उजेड मोठा होत गेला. वरच्या वाटीत पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबलो, तेव्हा माझ्या छातीतला हातोडा शांत झाला. डोक्यावर फक्त पाणी होतं. त्याच्यावर आभाळ.

बाहेर आल्यावर मी चिऊला विचारणार होते, ‘‘काय झालं गं?’’ बाप्पाने नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

रात्री तंबूसमोर डॉनने सुंदर झणझणीत मिसळ केली. (फरसाणाची चार पाकिटं मी पुण्याहून नेली होती. कस्टमवाल्याला ‘स्नॅक्स’ म्हटलं.) खाता खाता मला राहवेना.

‘‘चिऊ, नियम मोडते. पण का?’’

‘‘मला काहीच झालं नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुझे बुडबुडे बघितले. इंजिनासारखे निघत होते. तू सांगणार नाहीस हे मला माहीत होतं. दहा वर्षं ओळखते तुला.’’

मग मी आकडा सांगितला. १,८५०. आणि मी ओके दाखवलं तेही.

बाप्पा बराच वेळ काही बोलला नाही. ताटलीतला पाव मोडत राहिला. मग म्हणाला, ‘‘तसे आपण सेफ होतो. पण आकड्याचा प्रश्न नाहीये. मी पुढे होतो आणि तुझ्या ओकेवर विसंबून होतो. उद्या तू टाकी लावायची नाही. स्नॉर्केल कर.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं. आणि मग जे आठ वर्षं घशात अडकलं होतं ते निघालं. ‘‘बाप्पा, ताम्हिणीत... सॉरी. तू नको म्हणत होतास.’’

डॉनने चमचा खाली ठेवला. चिऊ शेकोटीकडे बघायला लागली.

‘‘मला राग उडी मारायला लावली याचा नव्हता गं,’’ बाप्पा म्हणाला. ‘‘आपण आठ जण होतो. त्यातल्या एकाने जरी ‘राहू दे त्याला’ म्हटलं असतं ना, तरी मी काठावर बसलो असतो. एकच जण पुरला असता. आज चिऊने केलं ते.’’

फार काही झालं नाही. रडारड, मिठ्या, काही नाही. तो उठला, आणखी मिसळ घेतली आणि डॉनला म्हणाला, ‘‘तर्री कमी पडली.’’ पण आमच्या चौघांमधलं काहीतरी जागेवर आलं, एवढं नक्की.

सोमवारी ते दोघं पुन्हा बॉलरूममध्ये गेले आणि मी सांटा फे नदीत मास्क लावून उपडी पडून राहिले. वाटलं होतं, शिक्षा आहे. पण जवळच ‘डेव्हिल्स इअर’ नावाचं गुहेचं तोंड नदीच्या तळाशीच उघडतं. नदीचं पाणी सडलेल्या पानांमुळे कडक चहाच्या रंगाचं, आणि खालून येणारं पाणी निळंशार. दोन्ही जिथे भेटतात तिथे चक्क रेघ दिसते. तिच्यावर तरंगत मी अर्धा तास होते. खाली काळोखात जाणारे डायव्हर दिसत होते, त्यांचे दिवे लहान होत जात होते. ती माणसं त्यासाठी कित्येक महिने शिकलेली होती. मी नव्हते. आणि वर राहण्यात कमीपणा काहीच नव्हता. हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं आणि अमेरिकेचं तिकीट लागलं!

आता पुण्यात परतल्यावरही विचार येतो. आपलं सगळं वीकएंड आयुष्य ‘चल ना यार’वर चालतं. अजून एक पेग, चल ना यार. रात्री दोनला लोणावळा, चल ना यार. शनिवारीही ऑफिस, टीम स्पिरिट आहे ना तुझ्यात? नको म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण पटलं नाही तर त्याची टर उडते. म्हणून आपण बोटांचा गोल करतो. ओके, ओके, ओके. आत काटा १,८५० वर आणि चेहऱ्यावर स्माइल. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही कुणाचे तरी बुडबुडे भराभर निघत असतील. त्याने अंगठा दाखवायची वाट बघू नका. कधीतरी त्याच्या वतीने तुम्हीच दाखवा.

आमच्या ग्रुपवर आता नियम झाला आहे. अंगठा टाकला की विषय संपला, कुणीही ‘का?’ विचारायचं नाही. डॉनने आतापर्यंत अकरा वेळा वापरला आहे. सगळे ट्रेकसाठी.

मीही परवा धीर केला. रात्री साडेअकराला आमच्या संपादकांचा मेसेज आला, ‘‘उद्या सकाळपर्यंत दोन हजार शब्द मिळतील का?’’ मी बाणेदारपणे फक्त अंगठा पाठवला आणि झोपले.

त्यांनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला. तुम्ही वाचलात तो हाच लेख!